‘कुंकू’ : ध्वनी आणि नीरवता



चित्रपटातील ध्वनी म्हणजे संवाद आणि गाणी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यात भोवतालचे आवाज आणि नीरवता यांचाही तितकाच वाटा असतो. या दोहोंचे सामर्थ्य मराठी प्रेक्षकाला फार लवकर प्रत्ययास आले.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’मुळे भारतीय चित्रपटाला वाणी लाभली. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. नव्या साधनाचा मोह साहजिकच मोठा होता. बोलपटांत गाण्यांची रेलचेल झाली. अशा काळात, १९३७ मध्ये, व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’मधून पार्श्वसंगीत वगळले. गाणी ठेवली, मात्र प्रसंगामागे वाजणारा वाद्यमेळ काढून टाकला. उरले ते घरातले, रस्त्यावरचे नित्याचे आवाज.

यामागे केवळ प्रयोगाची हौस नव्हती. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचा विषय जरठ-कुमारी विवाहाचा. हा विषय देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्येच रंगभूमीवर आणला होता आणि शारदेच्या दुःखाने प्रेक्षक हळहळला होता. शांता आपटे यांनी साकारलेली नीरा मात्र करुणेची याचना करीत नाही. केशवराव दाते यांनी रंगविलेल्या वृद्ध वकिलाला पती मानण्यास ती ठाम नकार देते. तिच्या नकारामागे करुण सूर वाजले असते, तर ती पुन्हा एकदा केवळ दयेचा विषय झाली असती.

पार्श्वसंगीत प्रेक्षकाला कोठे रडावे, कोठे धास्तावावे, हे सुचवीत असते. ते नसले की निवाड्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते. मग पात्रांच्या दोन वाक्यांमधली शांतता अवघड वाटू लागते, आणि ज्या घरात मुलीचे मत कोणी विचारलेच नाही, त्या घरातला प्रत्येक लहानसा आवाज साक्षीला उभा राहतो.

आज ध्वनिमुद्रणाची साधने अतिशय प्रगत झाली आहेत. तथापि कोणता आवाज ठेवावा आणि कोणता गाळावा, हा विवेक यंत्र देत नाही. कादंबरीचा वाचक ती एकांतात, कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून वाचतो आणि आपले मत आपणच बनवितो. ‘कुंकू’ने प्रेक्षकालाही वाचकाचा तोच मान दिला. ग्रंथालयात त्याचे स्मरण करण्यास एवढे कारण पुरेसे आहे.