रंगभवनच्या पायऱ्यांवर

देवळाली कॅम्पातला माणूस रॉक संगीतावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील, आणि तो मराठीत कविता लिहिणारा आहे हे कळल्यावर आणखी थोड्या. पण इंग्रजी शब्दकोशात आमच्या गावाच्या नावावरून गेलेला एक शब्द आहे, 'डूलाली'. विलायतेला परत नेणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर इथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे, कंटाळून विचित्र वागायला लागायचे. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला तिकडे डूलाली म्हणू लागले. तेव्हा वेडावर आमच्या गावाचा थोडा हक्कच आहे म्हणा ना! माझं वेड म्हणजे मुंबईचा एक बँड. आधी त्याचं नाव 'रॉक मशीन' होतं, १९९३ पासून 'इंडस क्रीड' झालं.

हा बँड १९८४ साली मुंबईत सुरू झाला. पुढे जो संच नावारूपाला आला, त्यात गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि की-बोर्डवर झुबिन बालापोरिया होते. नुसती नावं वाचली तरी मुंबईतून एक फेरी मारून आल्यासारखं वाटतं. त्यांची पहिली कॅसेट १९८८ साली आली, तेव्हा मी बी.ए. करत होतो. लॅम रोडवरच्या एका मित्राच्या घरी ती ऐकली. खरं सांगायचं तर कॅसेट ऐकून मी काही वेडा झालो नाही. वेड लागलं ते रंगभवनात.

धोबी तलावाचं रंगभवन म्हणजे शासनाचं खुलं नाट्यगृह. वर आभाळ, खाली पायऱ्या, आणि व्हीटी स्टेशन पायी जाण्याच्या अंतरावर. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव कितीतरी वर्षं तिथेच रंगायचा. आम्ही दोघं-तिघं देवळालीहून गाडी पकडून जायचो. कार्यक्रम संपल्यावर परतीच्या गाडीला अवकाश असे, मग फलाटावर वर्तमानपत्र अंथरून पहाटेपर्यंत बसायचं. घरी अब्बा विचारत, कुठे होतास? कार्यक्रमाला, एवढंच मी सांगे. ते कव्वालीचे शौकीन. कार्यक्रम म्हटलं की पुढचं विचारत नसत.

आणि कव्वालीशी याचं नातं आहेच. उरुसात कव्वाल एखाद्या ओळीवर येतो, समोरचा एक जण डोलत उठतो, नोट पुढे करतो. मग कव्वाल ती ओळ सोडतच नाही. दहा वेळा, वीस वेळा, प्रत्येक वेळी निराळ्या वळणाने. ती ओळ किती वेळ चालणार हे त्या उठलेल्या माणसाच्या हातात असतं. रॉक मशीनच्या प्रयोगात मला हेच दिसलं. कॅसेटवर चार मिनिटांत आटोपणारं गाणं तिथे लांबत जायचं. ड्रमवाला लय किंचित ताणायचा, तिनईकरांची गिटार वर चढत जायची, आणि बेनेगल मध्येच थांबून माइक लोकांकडे वळवायचे. पायऱ्यांवरून ओळ परत आल्याशिवाय पुढे जायचं नाही. बासचा आवाज तर कानाला नंतर कळायचा, आधी बसल्या जागी अंगात शिरायचा. हे कुठल्याही टेपरेकॉर्डरवर मिळत नाही. म्हणून तीच गाणी ऐकायला मी पुन्हा पुन्हा गेलो.

त्या काळात आपल्याकडच्या रॉक बँडला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे 'हुबेहूब' हा शब्द. परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की पब्लिक खूश. या मंडळींनी स्वतःची गाणी लिहून ती लोकांपुढे गायचा हट्ट धरला. प्रेक्षकांतून माहितीच्या विलायती गाण्यांसाठी आरोळ्या यायच्या. स्वतःच्या गाण्याने ती आरोळी बंद करणं हे सोपं काम नव्हे. कविसंमेलनात हास्यकवीनंतर ज्याला उभं राहावं लागलंय, त्याला विचारा!

दुसरा प्रश्न भाषेचा. हिंदीत का गात नाही? इंग्रजी आपली आहे का? असे प्रश्न त्यांच्यासारख्यांना नेहमीच ऐकावे लागत. मला तो प्रश्न फार ओळखीचा वाटे. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, उर्दूत का नाही, असं मला कविसंमेलनाच्या मांडवात आजही कौतुकाने विचारतात. कौतुकच असतं, पण त्यात तुम्ही पाहुणे आहात हे गृहीत धरलेलं असतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी मराठीत लिहून गेले, बार्शीच्या अमर शेखांनी मराठी शाहिरीने मैदानं हलवली, हे सगळं पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. रंगभवनात मात्र मी एक गोष्ट पाहिली. बेनेगल गायला लागले की पाचव्या मिनिटाला भाषेचा प्रश्न कोणाच्या डोक्यात उरत नसे. ते काही सिद्ध करायला गात नव्हते. १९९०च्या आसपास मी संमेलनात प्रस्तावना न करता थेट कविता वाचायला लागलो, त्यात या बँडचा वाटा आहे.

१९९५ साली 'इंडस क्रीड' नावाचीच कॅसेट आली आणि १९९७ साली बँड फुटला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' काढला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही आणि रुग्णालयंही, त्यामुळे काही वर्षांतच तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णालयातल्या माणसाला झोप हवी, याबद्दल वाद नाही. पण त्या पायऱ्यांना पर्याय मिळाला नाही, तोही मिळायला हवा होता.

२०१० साली बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे नवे. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' आला. माझ्या मते बांधणीच्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत चांगली गाणी. जुन्या गाण्यांत उसना रुबाब होता, तो इथे गेला. तरीही मी प्रयोगाला गेलो तो जुनीही ऐकायला मिळतील या आशेने, हेही कबूल. दालन बंदिस्त होतं, आवाज स्वच्छ, समोर मोबाइल उंचावलेली पोरं. गायकाचा आवाज आता खाली बसून, दमाने येतो. जुन्या गाण्यात जिथे ते पूर्वी ओरडत, तिथे आता थांबतात, आणि ती जागा लोक भरतात.

शेजारच्या मुलाने माझ्या पिकल्या दाढीकडे पाहून विचारलं, "काका, तुम्ही यांना ओळखता?" मी त्याला १९८८ची कॅसेट सांगितली. त्याने ती ऐकलेली नव्हती. पण दुसऱ्या कडव्यानंतर कुठे थांबायचं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.