टोंगळे, कॅप्सूल आणि जिना
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यापैकी कित्येकांनी वरचा मजला हौसेनं घेतला, वारा चांगला येतो म्हणून. आता तोच जिना चढताना टोंगळे बोलतात. मग शेजारी सांगतो, "अमुक कॅप्सूल घ्या, मला लई फरक पडला." त्या डबीत काय असतं, तेवढंच आज सांगतो.

ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. कॉन्ड्रॉइटिन गाई-बैलांच्या, डुकरांच्या नाहीतर शार्क माशाच्या कूर्चेतून येतं, आणि कोलॅजन जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतून. आपल्यात माळकरी बरेच आहेत, म्हणून डबीवर हिरवी खूण आहे की तपकिरी, हे आधी बघा. मक्यापासून केलेलं ग्लुकोसामाइनही मिळतं.

आता उपयोग किती? २००६ साली अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन दिलं, काहींना नुसती औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांनी त्या रिकाम्या गोळीवरही शंभरातल्या साठ जणांचं दुखणं कमी झालं होतं! सगळ्यांचा मिळून हिशोब केला, तेव्हा खऱ्या गोळ्या तिच्यापेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. म्हणजे शेजारी खोटं बोलत नाही. पण फरक कॅप्सूलनंच पडला, असंही सिद्ध होत नाही.

तरी घ्यायचंच असेल, तर डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल किंवा कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल, तर विचारल्याशिवाय ग्लुकोसामाइन नकोच.

मग करायचं काय? कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं, आणि ते हालचालीनं आत मुरतं. म्हणून दुखतं म्हणून बसून राहू नका. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. वजन एक किलो घटलं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

कॅप्सूलचे पैसे वाचले, तर चांगले बूट घ्या आणि संध्याकाळी खाली या. आवारात आपण सगळे मिळून चालू.