कोंडण्यापूर्वीं ऐकावें

एखाद्यानें गुन्हा केला, तर त्याच्यावर आरोप ठेवतात, साक्षी होतात, वकील उभा राहतो आणि मगच शिक्षा होते. परंतु ज्यानें कांहींच गुन्हा केलेला नाहीं, त्याला ‘चित्त ठिकाणावर नाहीं’ म्हणून कोंडावयाचें असेल, तर त्याचें म्हणणें कोणीं ऐकावें?

अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत १८५१ च्या कायद्यानें विवाहित स्त्रीला पतीची मागणी व अधीक्षकाची संमति एवढ्यावर वेड्यांच्या इस्पितळांत ठेवतां येई; इतरांच्या बाबतींत लागणारा पुरावा तिच्याविषयीं लागत नसे. एलिझाबेथ पॅकर्ड ही धर्मोपदेशकाची पत्नी, सहा मुलांची आई. धर्ममतांत तिचा पतीशीं विरोध पडला आणि ती तें उघड बोलून दाखवी. जून १८६० मध्यें तिला जॅक्सनव्हिलच्या इस्पितळांत नेलें. तेथें तीन वर्षें गेलीं. परतल्यावर पतीनें तिला घरांतच कोंडलें, तेव्हां प्रकरण न्यायाधीशापुढें आलें. जानेवारी १८६४ मध्यें कँककी येथें ज्यूरीनें दोन्ही बाजूंच्या साक्षी ऐकल्या आणि सात मिनिटांत निर्णय दिला: बाई शहाणी आहे. ज्या प्रश्नाला तीन वर्षें न्यायासन मिळालें नाहीं, त्याला सात मिनिटें पुरलीं! पुढें तिच्याच खटपटीनें १८६७ मध्यें इलिनॉयांत ज्यूरीपुढील चौकशी आवश्यक ठरली.

तथापि खऱ्या रुग्णाला आरोपीप्रमाणें भर कचेरींत उभें करणें हेंहि निष्ठुरच. मनाचा आजार चोरीसारखा निर्विवाद सिद्ध करतां येत नाहीं. म्हणून १९७९ मध्यें ॲडिंग्टन खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मध्यम मार्ग सांगितला: फौजदारी खटल्याइतका पुरावा नको, पण तो स्पष्ट व खात्री पटविणारा हवा.

आपल्याकडे १९१२ च्या कायद्यानें हा निर्णय मुख्यतः मॅजिस्ट्रेटकडे सोंपविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनाविरुद्ध दाखल करण्यापूर्वीं दोन तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासणें आवश्यक केलें. ही खबर पुनर्विलोकन मंडळास सात दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अज्ञान असल्यास तीन दिवसांत द्यावी लागते. रुग्णास दाद मागतां येते, विनामूल्य कायदेसाहाय्यहि मिळतें. तीस दिवसांपुढें ठेवण्यास मंडळाची अनुमति लागते.

हे हक्क रुग्णास सांगणार कोण? बहुधा ज्यांनीं त्याला दाखल केलें, तीं घरचींच माणसें. त्यांची माया खरी असेलहि. परंतु मायेनें केलेला निर्णयसुद्धां तिऱ्हाइतानें तपासावा, यांत घराचा अपमान नाहीं. रुग्णाचें बोलणें असंबद्ध वाटलें, तरी तें पुरतें ऐकून घ्यावें. कारण ज्याचें स्वातंत्र्य जावयाचें, त्याच्याजवळ त्या घटकेस शब्दांवांचून दुसरें कांहींच उरलेलें नसतें.