लढा संपल्यानंतरची गोष्ट



कामगार चळवळीतील माणसाने किशोरवयीन मुलांच्या प्रेमकथेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या कथेत नायिकेचा बाप कोळशाच्या खाणीतील स्फोटात मरतो, तिच्यावर बोलण्याचा आम्हा मंडळींना थोडा अधिकार आहेच.

अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांची ही मालिका. ‘द हंगर गेम्स’ २००८ साली निघाले, ‘कॅचिंग फायर’ २००९ साली आणि कथेचा शेवट करणारे ‘मॉकिंगजे’ २०१० साली. काळ पुढे केव्हातरीचा. उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर पॅनेम नावाचे राज्य उभे आहे. कॅपिटॉल ही चैनी राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षांचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी काढून उचलावयाची, त्या २४ जणांना एकमेकांवर सोडावयाचे आणि एकच जिवंत उरेपर्यंत तो खेळ साऱ्या देशाला दाखवावयाचा.

त्या चिठ्ठीतली मेख पाहा. गरिबाच्या मुलाला आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकून त्या बदल्यात धान्य आणि तेल घेता येते. गेल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या अशा ४२ चिठ्ठ्या पडलेल्या असतात. दुकानदारांच्या पोरांवर ती पाळी येत नाही. म्हणून खाणवस्ती आणि बाजारपेठ एकमेकींकडे वाकड्या नजरेने पाहतात, आणि राजधानी निर्धास्त झोपते! गेटवर चार वर्षे काढलेल्या कोणालाही हे तंत्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नायिका कॅटनिस. तिच्यापुढे दोघे आहेत. एक हा गेल, रानातला शिकारीचा सोबती. त्याचाही बाप त्याच स्फोटात गेलेला, आणि तोही पुढे खाणीतच उतरतो. दुसरा पीटा, बेकरीवाल्याचा मुलगा. पोरवयात उपाशी कॅटनिसला पाव मिळावा म्हणून त्याने मुद्दाम पाव करपवले आणि आईचा मार खाल्ला. माझा ओढा अर्थातच गेलकडे. तो आमच्या जातकुळीचा.

आता शेवटाकडे येतो. तेरावा जिल्हा बंडाचे नेतृत्व करतो. त्याची अध्यक्ष कॉइन. तेथे शिस्त एवढी, की माणसाची दिनचर्या रोज त्याच्या हातावर छापली जाते. राजधानी पडण्याच्या क्षणी अध्यक्ष स्नोच्या वाड्याभोवती मुलांना कोंडून उभे केलेले आहे. त्यांच्यावर कॅपिटॉलची खूण असलेल्या विमानातून रुपेरी छत्र्या उतरतात आणि फुटतात. बंडवाल्यांची शुश्रूषापथके मदतीला धावतात, तोच दुसरा स्फोट. त्यात कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. चौदाही न भरलेली. हिलाच वाचवण्यासाठी कॅटनिस पहिल्या भागात आपणहून खेळात उतरली होती. आणि मदतीला येणाऱ्यांना गाठण्याची ही युक्ती कागदावर कोणी आखली होती? गेल आणि त्याच्या जोडीदाराने, शत्रूसाठी.

पुढे कॉइन जिवंत उरलेल्या सात विजेत्यांना एकत्र बोलावून विचारते, आता राजधानीच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घ्यावयाचा काय? चार विरुद्ध तीन मतांनी होकार येतो. कॅटनिसही हो म्हणते. ते कॉइनचा संशय फेडण्यासाठी, असे माझे मत. कारण स्नोला मारण्यासाठी धनुष्य तिच्या हाती दिले जाते, तेव्हा ती बाण कॉइनवर सोडते.

अनेक वाचकांना हा शेवट फार कडू वाटला. वरात नाही, गुलाल नाही, नायिका मोडून पडलेली. मला तो समाधान देतो, आणि ते का ते सांगतो. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. शेवट न मिळालेला लढा घराघरांत कसा साचून राहतो, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. म्हणून गोष्टीचा शेवट गोड आहे की कडू, हे मी आधी पाहत नाही. हिशेब पुरा मांडला काय, हे पाहतो. कॉलिन्सबाईंनी तो मांडला. प्रिमचे नाव त्यांनी खर्चाच्या बाजूला लिहिले आणि ते विजयाच्या आरोळीत बुडू दिले नाही.

प्रेमाचा निकालही याच हिशेबातून लागतो. तो बॉम्ब आपलाच होता की नव्हता, हे गेलला सांगता येत नाही, आणि तेवढ्याने तो तिच्या आयुष्यातून उठून दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला जातो. त्याचा राग खरा आहे. माझी सहानुभूती आजही त्याच्याकडे आहे. परंतु तसला राग तिच्यापाशी स्वतःचाच भरपूर आहे. पीटा परत येतो, तो प्रिमच्या नावाची रोपे घराशेजारी लावण्यासाठी खणू लागतो. त्यालाही छळाने भ्रमिष्ट केलेले. खरे कोणते आणि खोटे कोणते, हे तो तिला विचारून पारखून घेतो. दोघे मिळून मेलेल्यांच्या आठवणींची वही लिहितात. मुले होऊ देण्यास ती तयार होते, तीही कितीतरी वर्षांनी. आणि ती मुले ज्या कुरणावर खेळतात त्याखाली गावाची सामुदायिक कबर आहे.

(या कथेतील तीन बोटांचा सलाम २०१४ साली थायलंडमध्ये लष्करी सत्तेविरुद्ध आणि २०२१ साली म्यानमारमध्ये रस्त्यावर उतरला. तेव्हा कृपा करून हिला पोरखेळ म्हणू नका.)

एक बारीकसा तपशील मात्र आमच्यासारख्यांच्याच डोळ्यांत भरतो. नवी अध्यक्ष पेलर ही आठव्या जिल्ह्याची, म्हणजे कापड विणणाऱ्यांची. बाराव्या जिल्ह्यातील खाणी बंद होतात, लोक राख जमिनीत नांगरून पीक काढतात, आणि तेथे औषधांचा कारखाना उभारण्यासाठी जमीन खणली जाते. त्या कारखान्याचा मालक कोण, कामाचे तास किती, हे बाईंनी लिहिलेले नाही. त्यांनी २०२० आणि २०२५ साली आणखी दोन पुस्तके लिहिली, परंतु ती दोन्ही मागच्या काळात जातात. कारखान्याच्या फाटकापाशी त्या काही पुन्हा आलेल्या नाहीत.