संगणकशास्त्र : पदवी आणि पदवीनंतर



आपल्या मंडळींत हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : संगणकशास्त्राची पदवी हाती आल्यावर मुलामुलींनी नोकरी धरावी की पुढे शिकावे? बदलीनिमित्त गावोगाव हिंडणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांची मुलांचे शिक्षण हीच खरी मिळकत. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही येथे मांडतो.

ज्या कानपुरात आपण जमलो आहोत, तेथेच या विद्येच्या भारतीय इतिहासाचे एक पान लिहिले गेले. येथील आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. १९७१ मध्ये संगणकशास्त्राचे स्वतंत्र एम्. टेक्. व पीएच्. डी. अभ्यासक्रम सुरू झाले, बी. टेक्. मात्र १९७८ मध्ये. कळस आधी आणि पाया मागाहून!

आजचा विद्यार्थी पायापासून चढतो. बी. टेक्.च्या चार वर्षांत तो प्रोग्रॅम लिहू लागतो. पण प्रोग्रॅमच्या भाषा बदलत राहतात. टिकते ते गणित आणि विचाराची शिस्त. दहा लाख नावांच्या अकारविल्हे यादीत एक नाव शोधताना एकेक नाव पाहत गेल्यास दिवस जातील. दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाद केल्यास फार तर वीस तुलनांत काम होते. अशी रीत शोधणे आणि ती अचूक आहे हे पटवून देणे, हे पदवीचे सार होय.

पदव्युत्तर शिक्षणाचा धर्म निराळा. तेथे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. एम्. टेक्.च्या दोन वर्षांत एका विषयाचा ठाव घ्यावा लागतो, प्रबंध लिहावा लागतो. अन्य विषयांच्या पदवीधरांनाही एमसीएचे दार उघडे आहे. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२० पासून दोन वर्षांचा झाला असून, गणित घेतलेला बी. ए.देखील त्यास पात्र ठरू शकतो. आम्हां बी. ए.वाल्यांना ही वार्ता सुखावणारीच!

घरची गरज असेल तर नोकरी धरण्यात कमीपणा नाही. गेट परीक्षा नंतरही देता येते. परंतु 'हे असेच का?' या प्रश्नाने ज्या मुलाला वा मुलीला पछाडले आहे, त्यांना पहिल्या पगाराच्या मोहाने आपण अडवू नये. गेटद्वारे एम्. टेक्.ला प्रवेश घेणाऱ्यांना विद्यावेतनाची सोयही आहे. आईबापांनी थोडा धीर धरावा, एवढीच आमची विनंती.