तापलेलं डांबर, वाहतं पाणी

मार्च 2017च्या अखेरीस आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला पारा 46.5 अंशांवर गेल्याची नोंद झाली. डांबर तर हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतं. पुढे अडीच-तीन महिन्यांत त्याच रस्त्यांवरून पाणी वाहू लागतं. युरोपातल्या थंड देशांत पारा सात अंशांखाली जायला लागला की हिवाळी टायर चढवतात. आपल्याकडे चैत्रात ताम्हिणी उतरणारी गाडी आषाढात त्याच चाकांवर वडखळहून अलिबागला येते. म्हणून आपल्या टायरचं काम अधिक अवघड आहे, असं मी मानतो.

पकड नक्षीमुळे येते असा सर्वसाधारण समज आहे. कोरड्या रस्त्यावर तो खरा नाही; शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्यातले टायर गुळगुळीतच असतात. रबर खडीच्या टोकांभोवती दबतं आणि पूर्ववत होताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतं. या गमावण्यातून गाडीला अडवणारा जोर मिळतो. कोरड्यात रबराचं डांबराला चिकटणंही मदतीला असतं, ओल्यात ते बरंचसं जातं. घसरू पाहणारं रबर खडीवर सेकंदाला हजारो वेळा दबतं, आणि इतक्या झपाट्याने दबणारं रबर थंड रबरासारखं ताठ वागतं. म्हणून पावसातली पकड जोखायला प्रयोगशाळेत रबराचा नमुना शून्य अंशांच्या आसपास तपासतात, आणि चाक फिरताना किती ऊर्जा वाया जाईल हे साठ अंशांना. आपल्या श्रावणसरींची परीक्षा बर्फाच्या तापमानाला होते, याचं मला अजून नवल वाटतं. पहिल्या तापमानाला ऊर्जा जास्त गमावली जायला हवी, दुसऱ्याला कमी; ही ओढाताण जुनी होती. 1992 साली मिशेलिनने रबरातल्या काजळीची बरीचशी जागा सिलिकाला दिली आणि ही ओढाताण पुष्कळ सैल झाली.

नक्षी लागते ती पाण्यासाठी. उभ्या खाचा पाणी मागे नेतात, आडव्या ते कडेला फेकतात. खाचा वाढवल्या की पाणी लवकर निघतं, पण मधली रबराची बटणं बारीक होतात. तापलेल्या डांबरावर ती वळताना वाकतात, अधिक तापतात, झिजतात. त्यामुळे नक्षी आखणारा दोन्ही ऋतूंशी तडजोड करत असतो.

पाणी वेळेत निघालं नाही की चाक तरंगतं. कुठल्या वेगाला, याचं सूत्र नासाने विमानांच्या टायरवरच्या प्रयोगांतून काढलं. ते मोटारीला ढोबळमानाने लावलं, तर 32 पौंड हवेला हा वेग ताशी सुमारे 95 किलोमीटर येतो, 24 पौंडांना ऐंशीच्या घरात. आता आपल्याकडची सवय पाहा. उन्हात टायर फुटेल म्हणून हवा कमी करतात. टायरमधली हवा तीस अंशांवरून साठवर गेली की दाब चार-साडेचार पौंडांनी वाढतो. टायर बनवणाऱ्याने तो हिशेबात धरलेला असतो. उलट कमी हवेचा टायर जास्त लवतो आणि जास्त तापतो. मे महिन्यात काढलेली हवा परत भरली नाही, तर जुलैत तीच गाडी लवकर तरंगते. हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी.

गोटा टायर कुणालाही ओळखता येतो. अर्धवट झिजलेला फसवतो. मोटारीच्या नक्षीची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी. आपल्या पावसाला ती पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन मिलिमीटर उरली की मिरगाआधी टायर बदला. आणि मोजताना कडेच्या खाचाही पाहा. घाटातल्या वळणांवर कडा मधल्या भागाच्या आधी झिजतात.