खासगी खिडकी आणि नाक्यावरचे दप्तर



गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी मुक्कामास असताना, ईमेलने आलेल्या एका दस्तऐवजाची छापील प्रत घ्यावी म्हणून मी कचेरीसमोरच्या एका संगणक केंद्रात गेलो. छत्री दाराशी टेकवून यंत्रापुढे बसलो आणि ईमेलचे संकेतस्थळ उघडले, तोच माझी नव्हे तर एका अपरिचित स्त्रीची पत्रपेटी समोर उभी राहिली. सर्वांत वरच्या ओळीत तिच्या रक्ततपासणीचा अहवाल आल्याची वर्दी होती. मी ते पत्र उघडले नाही. खात्यातून बाहेर पडण्याची कळ दाबली आणि क्षणभर तसाच बसून राहिलो. ती बाई घाईघाईने उठून गेली असेल, तिची एस.टी. सुटत असेल, किंवा त्या अहवालानेच तिचे चित्त थाऱ्यावर राहिले नसेल. कारण काहीही असो, तिच्या देहाचे गुज एका परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे येऊन पडले होते. तिने प्रारंभीच ब्राउझरची खासगी खिडकी उघडली असती आणि उठताना ती बंद केली असती, तर हे घडले नसते. याच खिडकीविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

ब्राउझर हा स्वभावतःच टिपणे ठेवणारा कारकून आहे. आपण कोठे गेलो, कोणता शोध घेतला, कोणत्या अर्जात कोणते नाव भरले, याची रोजकीर्द तो मुकाट्याने लिहीत असतो. संकेतस्थळेही त्याच्यापाशी आपली एक चिठ्ठी ठेवून देतात. तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने ही युक्ती काढली, ती आलेला माणूस पूर्वी येऊन गेला आहे की नाही हे संकेतस्थळास कळावे म्हणून. तिच्यावाचून दुकानाच्या संकेतस्थळावर निवडलेल्या वस्तू पुढच्या पानावर जाईपर्यंत टिकणेही कठीण झाले असते. परंतु जी चिठ्ठी ग्राहकाच्या सोयीसाठी जन्मली, तीच पुढे त्याच्या मागावर राहण्याचे साधन झाली.

खासगी खिडकी या कारकुनास तात्पुरते विस्मरण शिकवते. ॲपलच्या सफारीने २००५ मध्ये ही सोय प्रथम दिली. २००८ मध्ये गूगलचा क्रोम आणि २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर व फायरफॉक्स त्याच वाटेने गेले. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या तीन कळा एकत्र दाबल्या, की टोपी व चष्मा यांचे चिन्ह असलेली काळसर खिडकी उघडते. ती कोऱ्या पाटीने आरंभ करते, आणि अशा सर्व खिडक्या मिटल्या की भेटींची यादी, कुकी व अर्जात भरलेला मजकूर पुसून टाकते. ‘सर्व’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. एकच पान मिटले आणि दुसरे उघडे राहिले, तर पाटी पुसली जात नाही. उतरवून घेतलेल्या फाइली आणि जतन केलेल्या वाचनखुणा तर त्यानंतरही यंत्रावर राहतात.

येथवर सारे ठीक आहे; परंतु ‘खासगी’ या शब्दाने मनात जी निर्धास्तता उत्पन्न होते, ती या सोयीच्या सामर्थ्यापेक्षा फार मोठी आहे. जुन्या काळच्या एखाद्या वाटसरूची कल्पना करा. घरी परतल्यावर त्याने आपल्या वहीतील प्रवासाचे पान फाडून चुलीत घातले, तर घरच्या माणसांना त्याचा मार्ग कळणार नाही हे खरे. परंतु वाटेतील जकातनाक्यावर त्याच्या बैलांची व गोण्यांची जी नोंद झाली, ती त्या चुलीत जळत नाही. आंतरजालावरही असेच नाके आहेत. इंटरनेट पुरवणारी कंपनी आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो हे सामान्यतः पाहू शकते. कचेरीच्या जाळ्याचा व्यवस्थापकही पाहू शकतो. आणि ज्या संकेतस्थळाच्या दारी आपण उभे राहिलो, त्याला आपला आयपी पत्ता तर कळतोच, शिवाय पडद्याचा आकार व यंत्रावरील अक्षरवळणे अशा खुणांवरून यंत्र ओळखण्याचा यत्नही करता येतो. त्यातून आपण आपल्या नावाने खात्यात शिरलो, तर मग ओळख लपवण्याचा प्रश्नच उरत नाही.

हा गैरसमज केवळ अजाण माणसांचा नव्हे. २०२० च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गूगलविरुद्ध असा दावा दाखल झाला, की गुप्त खिडकीत वावरणाऱ्यांचीही माहिती कंपनी आपल्या विश्लेषण व जाहिरातींच्या साधनांद्वारे गोळा करते. कंपनीने आरोप अमान्य केले. तथापि २०२४ मध्ये जी तडजोड झाली, तीत अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे व या खिडकीत काय घडते ते अधिक स्पष्ट शब्दांत सांगण्याचे तिने मान्य केले. त्या दाव्यातून मी एवढेच घेतो, की शब्दाचा अर्थ वापरणाऱ्याच्या मनात एक आणि यंत्राच्या रचनेत दुसरा असेल, तर त्या दोहोंमधील अंतर कोणी तरी मोजून दाखवलेच पाहिजे.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हक्काची सनद हाती आली; परंतु सनदेचे रक्षण रोजच्या सवयींनीच होते. घरातील एकाच मोबाइलवर आई, मुलगी आणि आजोबा आळीपाळीने बसतात. त्या मुलीला आपल्या आजाराविषयी किंवा मनातील भीतीविषयी काही विचारावयाचे असेल, तर तिला संकोचावाचून विचारता यावे, यात मला कोणतेही पाप दिसत नाही. जिज्ञासेला आडोसा लागतो, आणि तो आडोसा ही खिडकी निःसंशय देते. मात्र ज्याला छळाची भीती आहे, ज्याला आपला माग वाटेवरच्या नाक्यांपासूनही लपवणे प्राप्त आहे, त्याने हिच्यावर भिस्त ठेवू नये. त्यासाठी टॉर ब्राउझरसारखी निराळी साधने आहेत, आणि त्यांच्याही मर्यादा समजून घ्याव्या लागतात.

त्या दिवशी मी केंद्राच्या तरुण चालकास सारा प्रकार सांगितला. त्याने वाद घातला नाही. प्रत्येक यंत्रावर ब्राउझर थेट खासगी खिडकीतच उघडेल, अशी व्यवस्था त्याने माझ्यादेखत केली, आणि एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: ‘उठण्यापूर्वी सर्व खिडक्या बंद करा.’ पुढल्या खेपेस गेलो तेव्हा तो पुठ्ठा भिंतीवर होता, आणि एक वृद्ध शेतकरी जाता जाता नातवाला तो मोठ्याने वाचून दाखवावयास सांगत होता.